गव्हाणीतला गवती चहा

यंदाही डिसेंबर लागला आणि माझ्या हातून तेच झालं. अकोल्याच्या भाजीबाजारात गवती चहाची जुडी दिसली की मी आधी ती नाकाला लावते, मग बाकीचं विचारते. भाजीवाली वैतागली. "बाई, घ्याची असंन तं घ्या ना, हुंगून हुंगून काय अर्धी करता!" मी हसले, जुडी पिशवीत टाकली आणि घरापर्यंतच्या रिक्षात पिशवीचं तोंड उघडंच ठेवलं.

माय गॅलरीत उन्हाला बसली होती. जुडी तिच्या मांडीवर ठेवली. सवयीनं तिनं एक पातं मोडलं, दोन बोटांत चुरगळलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. मी श्वास धरून उभी. खाली कापसाची गाडी वळत होती, तिचा हॉर्न वाजून वाजून थकला. मग मायनं ते पातं शेजारच्या कुंडीत टाकून दिलं.

"गवतच हाय," ती म्हणाली. "ने तिकडं."

त्या मोठ्या तापाच्या साथीत माय वाचली, पण तिच्या नाकातला वास गेला तो गेलाच. लोकांचा पंधरा दिवसांत परत आला, महिन्यात आला. मायचा आला नाही. तिला चव कळते, पण खारट, गोड, तिखट एवढीच. फोडणी कळत नाही. पावसानंतरची माती कळत नाही. आणि मला दर वर्षी वाटतं, बाकी सगळं राहू दे बापा, नाताळापर्यंत एकदा, एका सकाळपुरता तरी तिला गवती चहाचा वास येऊ दे. मी चर्चमध्ये गुडघे टेकते तेव्हा दुसरं काही मागत नाही. मागायला लाज वाटावी इतकी लहान गोष्ट आहे ही, पण मला तीच हवी आहे.

मायचं नाक काय होतं हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. शाळेतून येताना चिंच खाल्ली असेल तर दारातच पकडायची. बाबांच्या सदऱ्याला हुंगून, आज कोणाच्या टपरीवर बसले होते ते सांगायची. लेकरू मलूल दिसलं की कपाळाला हात लावण्याआधी ती त्याच्या टाळूवर नाक टेकवायची. "ताप येऊन राहिला याले. टाळूचा वास बदलला," म्हणायची, आणि संध्याकाळी ताप चढायचा. तिच्यासमोर खोटं बोलायची आम्हाला सोयच नव्हती.

अमरावतीला आमचं घर चर्चच्या मागच्या वस्तीत. सगळे तिला नुसतं कंपाउंड म्हणत. नोव्हेंबर सरत आला की संत्र्याची खोकी रिकामी व्हायला लागत, त्यांच्या फळ्या बाबा मागून आणत आणि त्यांचा गोठा करत. येशूबाळाचा गोठा, पण जवळ गेलं की संत्र्यांचा वास. मूर्ती प्लास्टरच्या. योसेफाचा एक हात तुटून चिकटवलेला, एका मेंढराला कान नाहीत. गव्हाणी म्हणजे बाबांनी ठोकलेली वीतभर पेटी. सगळ्या कंपाउंडात गव्हाणीत कडबा किंवा तणस घालत. आमच्याकडे नाही.

"कडबा टोचते लेकराले," माय म्हणायची. तिच्या गव्हाणीत गवती चहाच लागायचा.

तो यायचा सुमनकाकूंकडून. सुमनकाकू म्हणजे नाल्यापलीकडच्या मळ्यातल्या माळीण. त्यांच्या विहिरीच्या पाटाला लागून गवती चहाचे ठोंब होते, कमरेइतके. नाताळाच्या आदल्या सकाळी डोक्यावरच्या टोपलीत वांगी, मेथी, शेवंती, आणि सगळ्यांवर आडवी ती ओली हिरवी जुडी. दारातूनच आवाज यायचा, "मार्थाबाई, आणलं वो तुमच्या देवाचं अंथरून!" माय हातातलं पीठ झटकत बाहेर यायची आणि एकेक मूठ नाकाशी धरून निवडायची. जून पानं बाजूला, कोवळी पेटीत. "हे नाही चालत, याले पाण्याचाच वास जास्त हाय." सुमनकाकू कपाळावर हात मारायच्या. "अवं, देव झोपन का वास घेत बसन?"

आणि त्या गवताचा एक कायदा होता. बाळाला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे सहा जानेवारीपर्यंत, त्यातलं पातंही कोणी उचलायचं नाही. त्या दिवशी बाळ उचलून फडक्यात गुंडाळायचं, आणि तोवर वाळलेलं ते गवत गाठी मारून घरोघरी द्यायचं. थंडीभर लोक त्याचा चहा करून पीत. सर्दी झाली, घसा धरला, अंग मोडून आलं की गव्हाणीतलं एक पातं. बाजारात ढीगभर मिळत असला तरी लोक थांबायचे याच गाठींसाठी.

आमच्या घरातला सगळाच नाताळ शेवटी चुलीवर चढायचा. दाराला तोरण निरगुडीचं. नाल्यावरून मी आणि बाबा तोडून आणायचो. सण झाला की तोच पाला उकळून आत्याच्या गुडघ्यांना शेक. ख्रिसमसचं झाड म्हणजे निलगिरीची फांदी, रॉकेलच्या जुन्या डब्यात विटा घालून उभी केलेली. तिच्यावर कागदी तारे, कापसाचा बर्फ. कापूस मात्र अस्सल, कापसाच्या गावात बर्फाला काय तोटा! जानेवारीत तारे उतरले की पानं खुडून कागदात बांधून ठेवायची आणि ज्याचं नाक चोंदलं त्याला गरम पाण्यात टाकून वाफ. आता अकोल्यात माझ्या शेजारणीकडे घडी होणारं प्लास्टिकचं झाड आहे. सुरेख आहे, खोटं कशाला बोलू. पण त्याचा पाला कोणाच्या सर्दीला लागणार आहे?

तीन राजांबद्दल तर मायचं स्वतःचंच प्रवचन होतं. फादर सांगायचे, राजांनी सोनं, ऊद आणि गंधरस आणला, त्याचा अर्थ असा, त्याचा अर्थ तसा. माय घरी येऊन म्हणायची, "अर्थ गिर्थ काही नाही. गंधरस म्हंजे हिराबोळ. बाळंतिणीले देतो आपण तो. अन् ऊद धुरीसाठी. दोघं राजे शहाने होते, बायकोले इचारून आले असतीन. सोनं आननारा एकटाच बिनकामाचा." शेजारच्या शमीमखाला हे ऐकून इतक्या हसायच्या की डोळ्यांतून पाणी. त्यांच्या मियांचं काष्ठौषधीचं दुकान होतं. हिराबोळ, ज्येष्ठमध, सुंठ, पिंपळी सगळं तिथलं. राजे अमरावतीवरून गेले असते तर सामान आमच्याच दुकानातून घेतलं असतं, असं त्या पैजेवर सांगायच्या.

मला मात्र एकच नाताळ सारखा आठवतो.

मी तेव्हा शाळेत. त्या हिवाळ्यात गावभर खोकल्याची साथ होती. घराघरातून लेकरांच्या खोकण्याचे आवाज. सुमनकाकूंचे ठोंब लोकांनी मागून मागून पार मुळापर्यंत कापले. बाजारात काडी नव्हती. नाताळाला त्यांनी कशीबशी एक जुडी मायसाठी राखून ठेवली होती, तीच गव्हाणीत. म्हणजे अख्ख्या मोहल्ल्यात उरलेला गवती चहा येशूबाळाच्या पाठीखाली.

नाताळाच्या दुपारी घर पाहुण्यांनी भरलेलं. करंज्या, शंकरपाळे, बेकरीत भाजून आणलेला केक. शमीमखाला मागच्या दारानं आल्या. त्यांची धाकटी रुखसार खांद्यावर, लाल डोळे, तोंड उघडं. डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण ताप उतरेना, अंगाला घाम सुटेना. खाला काही मागायला आल्याच नव्हत्या. "ईद मुबारक कहने आई थी दीदी, तुम्हारी ईद की," एवढंच म्हणाल्या. पण त्यांचे डोळे गोठ्याकडे गेले आणि तिथेच राहिले.

मायनं ते पाहिलं. रुखसारच्या टाळूवर नाक ठेवलं. मग ती गोठ्यापाशी गेली, बाळ उचललं, माझ्या हातात दिलं आणि गव्हाणीतलं गवत दोन्ही हातांनी काढायला लागली.

आत्या किंचाळलीच. "मार्था! राजे याचेत अजून!"

"येतीन तं येतीन. त्याईले मी सांगीन."

माझ्या हातात प्लास्टरचं बाळ, गार पडलेलं. रिकाम्या पेटीत फळीचे खिळे दिसत होते. मला रडूच आलं. "माय, येशूबाळाले थंडी वाजन ना!"

"त्याले माय हाय," ती म्हणाली. गवत ओच्यात घेता घेता तिनं हनुवटीनं मारियेच्या मूर्तीकडे दाखवलं. "हे काय, बाजूलेच बसून हाय."

मग स्वयंपाकघरात पातेलं चढलं. गवती चहा, आलं, थोडा गूळ, आणि सुमनकाकूंच्या अंगणातली तुळस. झाकण उचललं की तो वास. तो नुसता गवती चहाचा नव्हता. त्यात गव्हाणीच्या फळ्यांतली संत्री होती, तळलेल्या करंज्या होत्या, दाराची निरगुडी, खालांच्या ओढणीला दुकानातून लागलेला ऊद, आणि तापलेल्या लेकराच्या केसांचाही वास होता. पाहुणे जिथे होते तिथे गप्प झाले. आत्यासुद्धा. खालांनी बशीतून थोडं थोडं पाजलं, मायनं रजई गळ्यापर्यंत ओढली. दिवे लागायच्या सुमाराला रुखसारच्या कपाळावर घाम दिसला. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि पहिला शब्द बोलली, "करंजी." खाला हसता हसता भिंतीला टेकून रडल्या. "ईसा नबी के बिछौने का है, असर कैसे नहीं होगा," असं त्या पुढे कितीतरी वर्षं ज्याला त्याला सांगत. माय म्हणायची, डॉक्टरच्या औषधाचंही नाव घेत जा थोडं.

त्या वर्षी बाळ मायच्या शालीच्या टोकावर झोपलं. राजांनी काही तक्रार केली नाही. पावसाळ्यात मायनं सुमनकाकूंकडून एक ठोंब आणून खालांच्या न्हाणीजवळ लावून दिला. "पुढच्या टायमाले माह्या देवाले उठवू नका," म्हणाली.

त्या नाताळाचा फोटो आहे माझ्याकडे. सगळे ताठ उभे, बाबांच्या हातात गोठ्याचा तारा. फोटोत सगळं आहे, फक्त वास नाही. आवाज आता फोनमध्ये ठेवता येतो, चेहरे ठेवता येतात. वास ठेवायला माणसाकडे दुसऱ्या माणसाशिवाय काही नाही. "आठवते का गं" म्हणायला दुसरं नाक लागतं. बाबा गेले, आत्या गेली. सुमनकाकूंच्या मळ्यात प्लॉट पडले, विहीर बुजली. मायचं नाक ज्या साथीत गेलं त्याच साथीत शमीमखालाही गेल्या. रुखसार तर तेव्हा लहान, तापातली; त्या दुपारचा वास ज्यांना आठवावा अशा मी आणि मायच उरलो, आणि मायचं हे असं. कधीकधी मला तिचा रागच येतो, विनाकारण. मग स्वतःचा येतो.

नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, नाकाला पुन्हा शिकवता येतं. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली हुंगायची आणि तो वास आठवायचा. माय बाटल्या पाहून म्हणाली, "शाळेत घातलं मले या वयात." पण बसते. मी बाटली धरते, ती डोळे मिटते.

"आला?"

"नाही."

"थोडासा?"

"काहून उगी छळून राहिली? नाही म्हनलं ना."

मागच्या नाताळाला मात्र ती हो म्हणाली. मी गव्हाणीसाठी आणलेल्या जुडीतलं पातं चुरगळून तिच्या नाकाशी धरलं आणि ती एकदम हसली. "आला वं! आला!" मी वेडीच झाले. अमरावतीला फोन लावले, चर्चमध्ये सांगितलं, नवऱ्यानं पेढे आणले. दुपारी मी वर कपडे वाळत घालून आले तर घरात धूर. गॅसवर दूध उतू जाऊन, आटून, काळं ठिक्कर पडलेलं. आणि माय तिथेच, ओट्याला पाठ करून, टेबलाशी मेथी निवडत बसलेली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग वळून पातेल्याकडे पाहिलं. मी खिडकी उघडली. ती मेथीची काडी हातात धरून बसून राहिली. आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही. उरलेले पेढे मी शेजारी देऊन टाकले.

म्हणून यंदा तिनं हात वर केले. गोठ्याचं खोकं मी माळ्यावरून काढलं तर म्हणाली, "ठेव वर. गव्हाणी मले नाही भरता येत. गवत निवडू कशानं मी?"

"मी निवडते ना."

"मंग तूच कर सारं."

इतकं रुक्ष बोलून ती भिंतीकडे तोंड करून निजली. खोकं तसंच पडून राहिलं दिवसेंदिवस, पेपरात गुंडाळलेल्या मूर्तींसकट. मी बाजारातली ती जुडी पाण्यात उभी करून ठेवली, पण गव्हाणीत घालायचा धीर होईना. मायनं न निवडलेलं गवत घालायचं म्हणजे ती नाही असंच धरून चालायचं. ते मला जमत नव्हतं. अजून तिची पावलं घरात वाजत होती.

नाताळाच्या आदल्या सकाळी दारात रुखसार उभी. ती अकोटला दिली आहे, कपडे शिवते, तिची दोन लेकरं कॉलेजात. सकाळच्या एसटीनं आली होती. खांद्याला पिशवी, आणि पिशवीतून वर आलेली पाती. खालांच्या न्हाणीजवळचा तो ठोंब. तिनं लग्नानंतर त्यातला एक फुटवा अकोटला नेला होता.

"अम्मी गेल्यावर अमरावतीचं घर इकलं भाईनं," ती मला म्हणाली. "हेच काय ते राहिलं. म्हनलं, मौसीच्या गव्हाणीले नेऊन देतो यंदा."

मायला काय वाटलं कोण जाणे. तिनं रुखसारला जवळ ओढलं आणि जुन्या सवयीनं तिच्या टाळूवर नाक टेकवलं. रुखसारचे केस आता पिकायला लागलेत. मग मायनं पिशवीतून मूठभर गवत काढलं, एक पातं मोडलं, चुरगळलं, नाकाशी नेलं. मी दाराला धरून उभी. मनात तेच एक वाक्य, देवा एकदा, एकदाच.

"आला का, माय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. या वेळी हसली नाही.

"नाही, बाई," ती म्हणाली. "नाही येत. अन् आता येतही नसते तो. तुह्यासाठी म्हनलं होतं मागच्या साली."

"मले माहीत हाय."

"मले माहीत होतं, तुले माहीत हाय ते."

रुखसार काही न समजून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. मायनं डोळे पुसले, पदरानं नाही, उलट्या हातानं, रागानं. मग ती चुरगळलेली मूठ तिनं माझ्यासमोर धरली.

"तू घे. अन् सांग मले."

"काय सांगू?"

"कसा येते ते. नाक हाय ना तुले? का तेही मीच शिकवू?"

मी तिच्या तळहातात तोंड घातलं. लिंबासारखा, म्हटलं. "ते तं त्या डॉक्टरच्या बाटलीतही हाय," ती म्हणाली. "नीट घे." मी पुन्हा घेतला. मग सांगायला लागले. सुमनकाकूंच्या पाटातलं पाणी. टोपलीखालचं ओलं फडकं. त्याच्यामागून येणारी मेथी. "अन् शेवंती?" शेवंती पण, थोडी, देठाकडं. बाबांच्या फळ्यांतली संत्री. खालांच्या ओढणीतला ऊद. इथे रुखसारनं तोंड फिरवलं. मायचे डोळे मिटलेले होते, आणि मी बोलत असताना ती हळूहळू श्वास आत ओढत होती.

मधेच तिनं खाली चाचपडत खोकं ओढलं, गव्हाणीची पेटी काढली आणि मांडीवर घेतली. डोळे न उघडताच एकेक पातं बोटांनी चाचपून तिनं त्यात घालायला सुरुवात केली. जून बाजूला, कोवळी आत. मारियेची मूर्ती पेपरातून सोडवून रुखसारनं तिच्याशेजारी ठेवली.

मी भरभर सांगत होते. पातेल्याचं झाकण, वाफ, आत्या गप्प झाली ती, रजईतलं तापलेलं लेकरू. मला वाटत होतं, आत्ताच सगळं सांगून टाकावं, काही राहू नये. मायनं पेटीतला हात काढून माझ्या मनगटावर ठेवला.

"हळू सांग," ती म्हणाली. "संपवू नको."